वाचक विचारतात : रेड वाइनमधले द्राक्षांच्या जातींचे प्रमाण कोण ठरवते?

प्रश्न : फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील मेदोक भागातल्या एकाच वायनरीच्या दोन वर्षांच्या रेड वाइनची माहिती मी वाचली. एका वर्षी कॅबरने सॉव्हिन्यॉन ही द्राक्षाची जात ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणि मर्लो ही दुसरी जात जेमतेम पंधरा. दुसऱ्या वर्षी मर्लो थेट चाळिसाच्या घरात. नाव तेच, लेबल तेच. मग ग्राहकाने नेमके काय विकत घेतले असे समजायचे? एखाद्या मसालेवाल्याने दर वर्षी प्रमाण बदलले तर आपण ते चालवून घेऊ का? — एक वाचक, पुणे

उत्तर : मसाल्याची तुलना इथे लागू पडत नाही, आणि ती का पडत नाही हे पाहिले की आपल्या शंकेचे बरेचसे उत्तर हाती येते. मसाला करणाऱ्याला मिरची एका जिल्ह्यातून आणि धणे दुसऱ्या राज्यातून घेता येतात, माल हलका आला तर बाजार बदलता येतो, आणि म्हणून प्रमाण कायम ठेवून चव कायम राखणे त्याला शक्य असते. मेदोकमधल्या ज्या शातोचे, म्हणजे ज्या मळ्याचे, नाव लेबलवर असते त्याला बाहेरची द्राक्षे त्या नावाखाली वापरता येत नाहीत. त्याच्या बागेत मर्लो किती आणि कॅबरने किती हे काही दशकांपूर्वीच्या लागवडीनेच ठरून गेलेले असते, आणि त्या बागेतून यंदा जे आले त्यावरच त्याला भागवावे लागते. अशा वेळी प्रमाण कायम धरून बसले तर चव भरकटते. चवीचा तोल सांभाळायचा तर प्रमाणच हलवावे लागते. आपण विकत घेता ती एक जागा, एक हंगाम आणि त्या दोहोंचा विचार करून घेतलेला निर्णय. बदललेले आकडे वायनरी उघडपणे सांगते, हे मी तिच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण मानतो.

आता हंगाम हे प्रमाण कसा हलवतो ते पाहू. बोर्दो साधारण ४५ अंश उत्तर अक्षांशावर, अटलांटिक महासागराच्या जवळ आहे. तिथे आपल्यासारखा ठरलेल्या चार महिन्यांचा पाऊस नसतो; तो वर्षाच्या कोणत्याही महिन्यात येऊ शकतो, आणि म्हणून एकाच जातीवर सगळी भिस्त ठेवणे तिथल्या बागायतदाराला कधीच परवडले नाही. मर्लोचे डोळे लवकर फुटतात, फुलोरा लवकर येतो आणि फळही कॅबरनेच्या आठ-पंधरा दिवस आधी पिकते. कॅबरने सॉव्हिन्यॉन उशिरा जागी होते, तिचा मणी लहान, साल जाड, आणि पिकायला तिला लांब, उबदार शरद ऋतू हवा असतो. त्यामुळे एप्रिलमधला दहिवर, म्हणजे गोठलेले दव, मर्लोला आधी गाठतो, तर सप्टेंबरअखेरचा पाऊस बहुधा कॅबरनेला झोडपतो. दोन्ही जाती एकाच वर्षी सारख्याच फसण्याची शक्यता त्यामुळे कमी होते, आणि बोर्दोच्या मिश्रणाचा उगम चवीच्या शास्त्राइतकाच या सावधगिरीतही आहे.

याची दोन उदाहरणे आठवणीत ठेवण्यासारखी आहेत. १९८४ साली फुलोऱ्याच्या काळात हवा इतकी वाईट होती की मर्लोची फुले मोठ्या प्रमाणावर गळाली आणि घडांवर मणीच धरले नाहीत; त्या वर्षीच्या बोर्दोच्या वाइन, इच्छा असो वा नसो, कॅबरनेच्या झाल्या, आणि मर्लोने येणारा भरदारपणा नसल्याने त्या बारीक व कोरड्या राहिल्या. १९९८ साली उलटे घडले. मर्लोची तोडणी उरकत आली आणि मग पाऊस सुरू झाला; मेदोकमधली कॅबरने त्यात सापडली, तर जिरोंद या खाडीच्या उजव्या काठाकडच्या पोमरोल आणि सेंत एमिलियों या भागांना, जिथे मर्लोच प्रमुख आहे, ते वर्ष उत्तम गेले. एकच प्रांत, एकच वर्ष, आणि निकाल मात्र जातीनुसार वेगळा. एखादे वर्ष सरसकट ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ ठरवणारे तक्ते पाहताना एवढे भान ठेवावे.

जमीनही याच हिशेबात येते. मेदोकची जमीन खडीची आहे. पाणी लगेच निचरून जाते, दगड दिवसा तापतात, आणि ही ऊब उशिरा पिकणाऱ्या कॅबरनेला मदत करते. पोमरोलची चिकणमाती ओल धरून ठेवते आणि थंड राहते. तिथे कॅबरनेचे घड हिरवेच राहण्याची भीती असते, पण मर्लोला ती माती मानवते.

बोर्दो विद्यापीठातले अभ्यासक उत्तम रेड वाइनच्या हंगामासाठी पाच अटी सांगतात : फुलोरा लवकर आणि झटपट उरकावा, मणीधारणा सारखी व्हावी, मण्यांत पाणी उतरण्याआधी, म्हणजे ते मऊ होऊन रंग धरण्याआधी, वेलीला हळूहळू पाण्याचा ताण बसावा, ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे व उबदार जावेत, आणि तोडणीच्या वेळी पावसाने रस पातळ होऊ नये. यातली तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण सर्वसामान्य वाचकाचा समज नेमका उलटा असतो. भरपूर पाणी मिळालेली वेल शेंडे वाढवत राहते, तिची शक्ती पानांत जाते, मणी फुगतो आणि रसाच्या मानाने साल कमी पडते. रंग, सुगंध आणि तुरटपणा हे सगळे मुख्यतः सालीत असल्यामुळे अशा द्राक्षाची वाइन फिकी होते. जुलैत पाणी तुटू लागले की शेंडावाढ थांबते, मणी लहान राहतो आणि वेल आपला सगळा जोर घड पिकवण्याकडे वळवते.

मणी पिकला आहे की नाही हे केवळ साखरेवरून कळत नाही. तोडणीपूर्वीच्या दिवसांत वाइन करणारा माणूस बागेत ओळीओळीने फिरतो, घडाच्या सावलीतल्या बाजूचा एक मणी तोडून तोंडात टाकतो, गर गिळून साल दाढेखाली चावतो आणि शेवटी बिया तळहातावर घेऊन पाहतो. बी हिरवट असेल आणि चावल्यावर चिवट, कडू लागत असेल तर साखर पुरेशी भरलेली असूनही तो थांबतो. बी तपकिरी होऊन कुडकुडीत फुटली की दिवस ठरतो. थंड वर्षी कॅबरने या टप्प्याला पोहोचतच नाही, आणि मग तिच्या वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो. मेथॉक्सिपायराझिन या गटातल्या द्रव्यांचा तो वास असतो, आणि पुरेसे ऊन व पक्वता मिळाली की ती द्रव्ये मण्यात कमी होत जातात. अशा वर्षी मिश्रणात कॅबरनेचा वाटा खाली येतो आणि मर्लोचा वर जातो. आपण वाचलेल्या चाळीस टक्क्यांमागे असाच एखादा सप्टेंबर असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न : मिश्रण करताना सगळी द्राक्षे एकत्र चिरडून आंबवतात, की वाइन तयार झाल्यावर मिसळतात? आणि सगळे हंगामच ठरवत असेल तर वायनरीतल्या तज्ज्ञाला इतके महत्त्व का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बोर्दोची आजची सर्वसाधारण रीत अशी की प्रत्येक जातीचीच नव्हे, तर शक्य असेल तिथे बागेच्या प्रत्येक तुकड्याची द्राक्षे वेगळी तोडून वेगळ्या टाकीत आंबवायची आणि मिश्रण नंतर करायचे. यामागे साधे कारण आहे. मर्लो पिकते तेव्हा कॅबरने पिकलेली नसते. दोन्ही एकाच दिवशी तोडायच्या तर एक जास्त पिकलेली किंवा दुसरी कच्ची घ्यावी लागेल. ही शिस्त रुजवण्यात एमिल पेनो (१९१२–२००४) यांचा वाटा मोठा आहे. बोर्दो विद्यापीठात शिकवणाऱ्या आणि अनेक शातोंना सल्ला देणाऱ्या या शास्त्रज्ञाने पूर्ण पिकलेलीच द्राक्षे तोडावीत, टाक्यांची निवड कठोरपणे करावी आणि दुसऱ्या आंबवणीवर, म्हणजे जिवाणूंकडून होणाऱ्या आम्लाच्या बदलावर, नियंत्रण ठेवावे, असा आग्रह धरला.

हंगाम कच्चा माल देतो. त्यातले किती आणि काय बाहेर काढायचे हे वायनरीत ठरते. द्राक्षे देठापासून सोडवून हलकी फोडली जातात आणि साली व बियांसकट टाकीत जातात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करू लागते. एका लिटर रसातल्या सुमारे १७ ग्रॅम साखरेमागे एक टक्का अल्कोहोल तयार होते, त्यामुळे पिकण्याच्या शेवटच्या आठवड्यातला फरकही बाटलीत जाणवतो. कार्बन डायऑक्साइडमुळे साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो, आणि हा थर कोरडा पडू नये म्हणून खालचा रस पंपाने उचलून त्यावर सोडतात. रंगद्रव्ये पाण्यात सहज विरघळतात, म्हणून रंग पहिल्या काही दिवसांतच उतरतो. बियांमधले टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, मात्र अल्कोहोल वाढल्यावर सुटू लागते. त्यामुळे रस सालींवर किती दिवस ठेवायचा, तापमान किती ठेवायचे आणि दिवसातून किती वेळा पंप चालवायचा, या तीन गोष्टींत हंगामाला दिलेले उत्तर असते. बिया तपकिरी झालेल्या वर्षी तीन-चार आठवडेही निर्धास्तपणे ठेवता येते. बिया हिरव्या राहिलेल्या वर्षी टाकी लवकर रिकामी करणेच शहाणपणाचे, कारण त्या वर्षी जास्त काढायला गेले की जास्त कडवटपणाच पदरी पडतो. दुर्बळ वर्षाला जोरकस रूप देण्याच्या हट्टापायी बिघडलेल्या वाइन मला सर्वांत खेदजनक वाटतात, कारण त्या वर्षाचा हलका, ताजा गुण तरी सहज राखता आला असता.

टाकीतून आपसूक निथळते ती वाइन वेगळी, आणि उरलेला चोथा दाबून मिळते ती वेगळी. दाबून काढलेली वाइन गडद व अधिक तुरट असते. तिला वेगळ्या पिंपात ठेवून, मूळ वाइनला कणा कमी पडत असेल तरच हात राखून मिसळतात. त्यानंतर जिवाणूंकडून तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते, आणि वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत जाते. नामांकित शातो तिला तिथे साधारण वर्ष ते दीड वर्ष ठेवतात. नवे पिंप व्हॅनिला आणि भाजल्याचा गंध देते, तसेच लाकडातून झिरपणाऱ्या थोड्या प्राणवायूमुळे टॅनिन मऊ होते. हंगाम जितका भरदार, तितके नवे लाकूड त्या वाइनला झेपते.

मिश्रणाचा दिवस बहुधा तोडणीनंतरच्या जानेवारी ते मार्चमध्ये येतो, काही ठिकाणी पिंपातला काळ संपल्यावर. टेबलावर प्रत्येक टाकीचा नमुना क्रमांक लावून ठेवलेला असतो, आणि मोजपात्राने अमुक भाग मर्लो, अमुक भाग कॅबरने असे घेऊन लहान मिश्रणे करून चाखली जातात. कॅबरने एकटी घेतली तर तिचा आरंभ आणि शेवट ठसठशीत असतो, पण मधे एक पोकळी जाणवते. मर्लो ती पोकळी भरून काढते. कॅबरने फ्राँ ही वेगळी जात सुगंध आणि ताजेपणा आणते. पेती व्हर्दो ही सर्वांत उशिरा पिकणारी, गडद रंगाची जात एक-दोन टक्केच पडली तरी पेल्यातला रंग आणि मागे राहणारी चव दोन्ही बदलतात. तिचे प्रमाण पाचावर नेले की कधी कधी तीच सगळ्यांवर कुरघोडी करते, आणि पुन्हा मागे यावे लागते. कोणती टाकी घ्यायची यापेक्षा कोणती गाळायची हा निर्णय अधिक जिवावर येतो. गाळलेल्या टाक्या दुसऱ्या नावाच्या वाइनसाठी जातात. शातो लातुरची ‘ले फॉर द लातुर’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कठीण वर्षी मुख्य वाइन कमी निघते, आणि तिचा दर्जा त्या न घेतलेल्या टाक्यांमुळे टिकतो. तज्ज्ञाचे महत्त्व विचाराल तर ते इथे आहे.

प्रश्न : माझी निफाड तालुक्यात वाइनच्या द्राक्षांची बाग आहे. बोर्दोत जसे वर्षाला महत्त्व, तसे आपल्याकडे नाही, कारण आपला हंगाम दर वर्षी सारखाच असतो, असे सांगितले जाते. हे खरे आहे का? आणि आपल्याकडे मर्लोऐवजी शिराझ आणि कॅबरने यांचेच मिश्रण का दिसते? — एक बागायतदार, निफाड

उत्तर : आपण बागेत रोज उभे असता, तेव्हा ‘सारखा हंगाम’ ही गोष्ट किती खरी हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. परतीचा पाऊस लांबला की छाटणी पुढे ढकलावी लागते, फुलोऱ्यात पाणी पडले की डावणी हा बुरशीचा रोग आणि कूज मागे लागते, आणि फेब्रुवारी-मार्चमधली अवकाळी किंवा गारपीट तोंडाशी आलेला घास हिरावते. बदल आपल्याकडेही आहेत. फक्त त्यांची रचना वेगळी आहे.

बोर्दोची वेल हिवाळ्यात झोपते आणि तिचे वर्ष वसंतातल्या उबेने सुरू होते. ते कधी सुरू व्हावे हे माणसाच्या हातात फारसे नसते. नाशिकची वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर येणाऱ्या काडीत घडनिर्मिती होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर ते घड बाहेर येतात. म्हणजे फुलोरा कोणत्या आठवड्यात यावा आणि फळ कोणत्या हवेत पिकावे हे बऱ्याच अंशी छाटणीच्या तारखेवर अवलंबून असते. बोर्दोतला माणूस फेब्रुवारीत मोजपात्र हातात घेऊन जो निर्णय करतो, त्याचा पहिला भाग नाशिकमध्ये फळछाटणीच्या कात्रीनेच झालेला असतो. पाण्याचा ताणही बोर्दोत सर्वसाधारणपणे आभाळाच्या मर्जीवर असतो, तर आपण तो ठिबकच्या तोटीने देऊ शकता. शेंडा थांबावा म्हणून पाणी उतरण्याच्या सुमारास ठिबकचा वेळ कमी करणे ही वजनाच्या दृष्टीने तोट्याची, पण वाइनच्या दृष्टीने फायद्याची गोष्ट आहे. वायनरीशी दराचा करार करताना हे नुसत्या किलोवर न मोजता प्रतीवर मोजले जावे, असा आग्रह बागायतदारांनी धरायला हवा.

पिकण्याची दिशाही उलटी आहे, आणि मिश्रणावर सर्वांत मोठा परिणाम तिचाच होतो. बोर्दोत फळ पिकते तेव्हा दिवस लहान होत जातात आणि रात्री गार होत जातात. आम्ल टिकते, साखर मात्र कधी कधी कमी पडते, म्हणूनच जुन्या काळी थंड वर्षांत तिथे रसात साखर घालण्याची पद्धत होती. नाशिकमध्ये फळ थंडीत पाणी धरते आणि वाढत्या उन्हात पिकते. जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली जाणाऱ्या निफाडात मार्चच्या दुपारी तो पस्तिशीला पोहोचतो. उष्णतेत मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते, साखर भराभर चढते, आणि सालीतला सुगंध व बीची पक्वता मागे राहतात. म्हणून उष्ण प्रदेशातल्या वायनरीत साखरेऐवजी टार्टारिक आम्ल घालून तोल साधला जातो. उशिरा छाटलेला प्लॉट या उन्हात सापडतो, फार लवकर छाटलेला पावसात. एकाच जातीचे दोन-तीन प्लॉट वेगवेगळ्या तारखांना छाटले तर आधी तोडलेल्या फळातून आम्ल आणि ताजेपणा मिळतो, नंतरच्या फळातून रंग आणि भरीवपणा, आणि मिश्रण करणाऱ्याच्या हाती दोन वेगळ्या गुणांच्या टाक्या येतात. जाती न मिसळता तारखा मिसळण्याचा हा मार्ग आपल्या हवामानात फार मोलाचा आहे असे मला वाटते.

मर्लोचा प्रश्न यातूनच सुटतो. बोर्दोत मर्लोचा गुण तिच्या लवकर पिकण्यात आहे. थंड प्रदेशात तो विमा ठरतो. जिथे उष्णतेची उणीव नाही तिथे त्या विम्याची गरज उरत नाही, उलट लवकर पिकणारी जात साखरेने फुगते आणि आम्ल गमावते. शिराझ उन्हाला चांगली तोंड देते, तिच्या वाइनला गडद रंग आणि मिरीसारखा मसालेदार गंध असतो, आणि कॅबरनेच्या मधल्या पोकळीत ती भर घालते. कॅबरने-शिराझ हे मिश्रण ऑस्ट्रेलियात आधीच रूढ होते, आणि भारतीय वायनरींनी ते स्वीकारण्यामागे बाजाराच्या ओळखीइतकेच हे हवामानाचे साम्यही आहे.

प्रश्न : एकाच जातीची वाइन शुद्ध आणि मिश्र वाइन दुय्यम, असे दुकानदार सांगतात. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : तसे नाही. बोर्दोच्या डाव्या काठावरील (मेदोक याच काठावर आहे) बहुतेक सर्व नामांकित वाइन मिश्र आहेत, आणि त्यांच्या मुख्य लेबलवर सहसा जातीचे नावही नसते. जगात अनेक ठिकाणी एका जातीचे नाव छापलेल्या बाटलीतही दुसऱ्या जातीची थोडी वाइन कायद्याने चालते. युरोपात ही मर्यादा पंधरा टक्के आहे.

प्रश्न : तापमान वाढत असताना बोर्दोचे हे पारंपरिक मिश्रण टिकेल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : ते बदलू लागले आहे. पूर्वी कॅबरने पिकेल का ही चिंता असे. आता २००३ किंवा २०२२ सारख्या उष्ण वर्षांत मर्लो फार लवकर पिकून तिचे अल्कोहोल वाढते ही चिंता आहे. त्यामुळे काही बागायतदार मर्लोच्या जागी कॅबरने फ्राँ लावत आहेत, आणि एके काळी क्वचितच पिकणारी पेती व्हर्दो आता अनेक वर्षी नीट पिकते. २०२१ साली फ्रान्सच्या अधिकृत संस्थेने बोर्दो आणि बोर्दो सुपेरिअर या नावांच्या रेड वाइनसाठी चार नव्या जातींना प्रायोगिक मान्यता दिली : पोर्तुगालची तुरिगा नासिओनाल, तसेच मार्सलान, कास्तेत आणि आरिनार्नोआ. मर्यादा मात्र कडक आहे : एका मळ्याच्या लागवडीत त्या पाच टक्क्यांपेक्षा आणि तयार मिश्रणात दहा टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नयेत. नव्या वेलीला वाइनयोग्य पीक यायला तीन-चार वर्षे लागतात, आणि ती दहिवरात, ओल्या जूनमध्ये आणि तापलेल्या ऑगस्टमध्ये कशी वागते हे तपासायला आणखी बरेच हंगाम जावे लागतात. तोवर मेदोकमध्ये मर्लो आणि कॅबरने यांच्यातलीच वाटणी दर वर्षी नव्याने होत राहील.